कार्पेटसाठी रिठा आणि खायचा सोडा, वापरून झालेलं मत

रिठा म्हणजे केसांना नाहीतर भारी साड्या धुवायला एवढंच बऱ्याच जणांना माहिती असतं, पण घरातल्या कार्पेटला मला तो बाजारातल्या वासाच्या फोमपेक्षा जास्त पटला, त्यात घरात रांगतं बाळ असेल तर विचारूच नका, ते दिवसभर त्याच कार्पेटवर लोळणार आणि तेच हात तोंडात घालणार. सांगलीत गणपती पेठेत सुटा रिठा मिळतो. पावडर नका घेऊ, अख्खी फळं घ्या, पावडरीचा चोथा दोऱ्यांत अडकला की निघता निघत नाही.

बिया काढून साली रात्रभर भिजत घालायच्या, सकाळी जरा उकळून कुस्करायच्या आणि फडक्यानं गाळून घ्यायचं. त्यातलं सॅपोनिन, म्हणजे साबणासारखा फेस करणारं द्रव्य, तेलकट मळ सोडवतं. मग पाणी घुसळून वरचा फेस तेवढा मऊ ब्रशनं लावायचा, पाणी ओतायचं नाही, खालचं ताग-कापड भिजलं की कुबट वास सुटतो आणि वर तपकिरी डाग येतात ते वेगळंच. नंतर ओल्या फडक्यानं पुसून फॅन फुल्ल. लोकरीच्या गालिच्याला तर हाच बरा, काश्मिरी शाली पण रिठ्यात धुतात. पांढरं कार्पेट असेल तर आधी कोपऱ्यात लावून बघा कारण रिठ्याचं पाणी स्वतःच तपकिरी असतं. आणि डोळ्यात उडू देऊ नका, जाम झोंबतं.

सांडलेल्या दुधाचा आंबूस वास मात्र रिठ्यानं जात नाही, त्याला खायचा सोडा. रात्री कोरडाच भुरभुरायचा, सकाळी व्हॅक्यूम. आंबट वासाला तो मारतो हे खरंय. धुण्याचा सोडा वापरू नका हां, तो फार कडक असतो. सोडा आणि व्हिनेगर एकत्र टाकायचे व्हिडिओ सगळीकडं फिरतात, फसफसतं छान, पण दोघं एकमेकांना मारतात आणि हातात साधं खारट पाणी उरतं. वेगवेगळे वापरा.

आता आपल्या सांगलीचा खास डाग, हळद! त्यावर सोडा टाकला की डाग लालभडक होतो आणि माणूस घाबरतो. हळदीत चुना घालून कुंकू करतात ना, तोच प्रकार, खार लागला की हळद लाल होते. थोडं पातळ व्हिनेगर टिपलं की परत पिवळी. आधी तेल टिपून घ्या, रिठ्याचा फेस लावा, मग तेवढाच भाग उन्हाला ठेवा, हळदीचा रंग उन्हात उडतो. फक्त लक्ष ठेवा, जास्त वेळ राहिलं तर कार्पेटचा रंगही उडेल.

पुराच्या पाण्यात भिजलेल्या कार्पेटला यातलं काहीच करत बसू नका. २०१९ ला कृष्णेचं पाणी घरात शिरलं तेव्हा सोबत गटारही आत आलं होतं, असं कार्पेट टाकूनच द्यावं, जीव महत्त्वाचा. एरवीसुद्धा जुलै-ऑगस्टमध्ये हा उद्योग नको, वाळतच नाही. दिवाळीआधीच्या ऑक्टोबरच्या कडक उन्हात करा. उरलेलं रिठ्याचं पाणी लवकर आंबतं, त्यात लगेच पायपुसणी धुवून टाका.