२८ इंची ट्रॉली बॅग: दहा महिने वापरल्यानंतर

"दोघांत मिळून एकच मोठी बॅग घेऊ, दोन-दोन कोण ओढत बसणार," हा हिशेब ह्यांचा. मी तेव्हा मान डोलावली, म्हणून तक्रार अर्धीच करणार आहे.

लग्नाची पंचवीस वर्षं झाली म्हणून गेल्या जानेवारीत आम्ही दोघं हनोईला गेलो. दोघांचाही तो पहिलाच परदेश. त्यासाठी क्रॉफर्ड मार्केटजवळच्या एका दुकानातून ही बॅग घेतली. २८ इंची, पॉलिकार्बोनेटच्या कडक कवचाची, चार चाकांची, मोरपिशी रंगाची. घासाघीस करून ५,२०० रुपयांना पडली. दुकानातल्या गुळगुळीत फरशीवर त्या माणसाने एका बोटाने ढकलली तर ती अशी सरकली की ह्यांनी लगेच पाकीट काढलं. रिकामी असतानाच तिचं वजन साडेचार किलो आहे, हे घरी आल्यावर कळलं.

पहिला धडा मुंबईतच मिळाला. आम्ही गिरगावात, चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. चादरी, भाकरवडी, मेतकूट, ह्यांचे तीन आणि माझे चार स्वेटर मिळून बॅग झाली सत्तावीस किलोंची. विमान कंपनी दोघांचं मिळून चाळीस किलो नेऊ देत होती, पण एका नगाला ३२ किलोच्या वर घेत नाहीत हे लक्षात ठेवा. लाकडी जिन्यावरून शेजारच्या दोन पोरांनी ती खाली आणली तेव्हा आख्खी चाळ कठड्याला आली होती. खाली टॅक्सी उभी. डिकी उघडली तर आत गॅसची टाकी! मुंबईच्या टॅक्सीत २८ इंची बॅग डिकीत मावत नाही, हे दुकानदार सांगत नाही. शेवटी ती पुढच्या सीटवर ड्रायव्हरशेजारी बसली, पट्टा लावून, आणि आम्ही दोघं मागे. (आता मेट्रो तीन गिरगावातून थेट टी-टूपर्यंत, म्हणजे विमानतळाच्या टर्मिनल दोनपर्यंत जाते. या बॅगेसह सरकत्या जिन्यावर चढायची माझी तरी हिंमत नाही.)

टी-टूच्या चकचकीत फरशीवर मात्र तिने आपलं नाणं खणखणीत वाजवलं. ह्यांनी दोनदा माझ्याकडे वळून बघितलं, "काय म्हटलं होतं मी" अशा चेहऱ्याने.

चेक-इनच्या रांगेत खरा घोळ झाला. काउंटरवर विचारलं, सामानात पॉवर बँक आहे का? होती, तीही तळाशी. पॉवर बँक नेहमी हातातल्या सामानातच न्यायची, १०० वॉट-तासापर्यंत चालते. आमची २०,००० एमएएचची, म्हणजे साधारण ७४ वॉट-तास, त्यामुळे अडचण नव्हती, पण तिथेच जमिनीवर बॅग उघडून माझे स्वेटर साऱ्या रांगेला दाखवून झाले. बंद करताना ह्यांच्या लक्षात आलं की कुलपाचा नंबर अजून कंपनीचाच, ०००. "चोराला काय हवं?" असं म्हणत पेनच्या टोकाने ते बारीक बटण दाबून ह्यांनी आमच्या लग्नाची तारीख लावली, ५१२. मागचे लोक "चला, चला" करत होते. झिप अडकवली, चक्रं फिरवली, बॅग पट्ट्यावर गेली.

पाच तासांनी हनोई. घड्याळ दीड तास पुढे. बाहेर बारीक पाऊस आणि बोचरी थंडी. व्हिएतनाम म्हणजे उकाडा, असं धरून चालणाऱ्यांसाठी सांगते, जानेवारीत हनोईला हातमोजे लागत नाहीत, पण स्वेटर लागतो. आमचे स्वेटर बॅगेत होते. आणि बॅग उघडायचा विचार विमानतळावर आम्हाला शिवलाही नाही, कारण ८६ क्रमांकाची बस समोर उभी होती.

बसमध्ये या बॅगेचा दुसरा दोष कळला. चारही चाकं सगळीकडे फिरतात आणि ब्रेक नाही. बस वळली की बॅग आपली आपण निघायची. एकदा ती थेट ड्रायव्हरपाशी जाऊन टेकली. बसमधल्या आजी हसल्या, ह्यांनी उठून तिला परत आणलं आणि उरलेला रस्ता दोन्ही गुडघ्यांत धरून बसले. बाहेर लाल नदी, त्यावरचा मोठा पूल, आणि स्कूटरच्या मागे आख्खी झाडं बांधून चाललेले लोक. संत्र्यासारख्या बारीक फळांनी लगडलेली झाडं आणि गुलाबी फुलांच्या फांद्या. त्यांचं नवं वर्ष, टेट, दोन आठवड्यांवर होतं. दसऱ्याला दादरला झेंडू घेऊन निघालेली माणसं आठवली.

बस स्टॉपपासून हॉटेल नकाशावर ९०० मीटर. जुन्या हनोईत गल्ल्यांची नावं तिथे विकल्या जाणाऱ्या मालावरून पडली आहेत. हांग बाक म्हणजे चांदीवाल्यांची, हांग मा म्हणजे कागदी वस्तूंची. आपल्या तांबा काटा, झवेरी बाजारासारखंच. आणि फुटपाथही आपल्यासारखेच, म्हणजे चालायला नाहीत. त्यावर स्कूटरी, बुटके प्लास्टिकचे स्टूल, सुपाची भांडी. म्हणजे बॅग रस्त्यावर. ओल्या, उखडलेल्या फरशांवर ही बोटभर उंचीची चाकं अडतात. चाकं कवचाच्या बाहेर लोंबतात, त्यामुळे प्रत्येक खाच त्यांना लागते. ह्यांनी ती तिरकी करून दोन चाकांवर ओढून पाहिली, तर सत्तावीस किलोंचा भार दांड्यावर आला आणि दांडा करकरायला लागला. ९०० मीटरला आम्हाला चाळीस मिनिटं लागली. माझ्या जुन्या दोनचाकी बॅगेची चाकं मोठी आणि अर्धी आत बसवलेली होती, ती खड्ड्यावरून निमूट यायची. ती बॅग मी भाचीला देऊन टाकली होती.

हॉटेलात खोली दोननंतर. सामान ठेवा, फिरून या, म्हणाले. आम्ही म्हटलं, फक्त स्वेटर काढतो. ५१२ लावलं. उघडेना. पुन्हा लावलं. ह्यांनी ०००, मग माझी जन्मतारीख, मग खोलीचा नंबर लावून पाहिला. कुलपाला किल्लीचं भोक आहे, पण किल्ली आपल्याकडे नसते. ती काही देशांच्या विमानतळ तपासनिसांसाठी असते. मग हे लॉबीत मांडी घालून बसले आणि ००१ पासून सुरू झाले. मी दातावर दात आपटत समोर. १९० च्या आसपास पोचले तेव्हा काउंटरवरचा मुलगा आला. त्याने फोनमध्ये काहीतरी बोलून आमच्यापुढे धरलं. भाषांतर होतं: तुमचाच नंबर ठेवा, एकेकच चक्र बदला.

आमच्या डोक्यातच आलं नव्हतं. नंबर लावताना बटण दाबलेलं असेपर्यंत एखादं चक्र हलतं आणि तोच आकडा पक्का होतो. बहुतेक वेळा एकच चक्र चुकलेलं असतं. म्हणजे हजार नाही, फक्त सत्तावीस शक्यता. तिसऱ्या चक्राचे आकडे झाले, मधल्याकडे वळला, ५९२ ला टक. त्या मुलाने टाळी वाजवली. ह्यांनी त्याला भाकरवडीचं पाकीट दिलं.

त्यानंतरचा दिवस चांगला गेला. माझा गुरुवार, म्हणून शाकाहारी शोधत होतो. एका पाटीखाली मुलगी म्हणाली "कम चाय". हे म्हणाले, चहा कमी आहे म्हणते बहुतेक. चाय म्हणजे तिथे शाकाहार, कम म्हणजे भात! वाडगाभर भात, टोफू आणि आंबट पाला, गरमागरम. ह्यांनी नंतर अंड्याची कॉफी घेतली. १९४६ मध्ये दूध मिळेनासं झालं तेव्हा तिथल्या मेट्रोपोल हॉटेलातल्या एकाने दुधाऐवजी अंड्याचा बलक फेटून घातला, त्यातून ती आली. ह्यांच्या मते श्रीखंडासारखी लागते. मी वास घेतला, तेवढं पुरे.

पुढच्या महिन्यांचं थोडक्यात. मे महिन्यात कणकवलीला नेली. जांभ्याच्या पाखाडीवर (गावातली दगडी पायऱ्यांची वाट) एका चाकाचं रबर सुटलं. कंपनीला फोन केला, पाच वर्षांच्या वॉरंटीत चाकं येत नाहीत, ती "झीज" धरतात, असं उत्तर मिळालं. कार्डावर बारीक अक्षरात तसं लिहिलेलंही आहे. भुलेश्वरच्या बॅगवाल्याने दोन चाकं ४०० रुपयांत बदलून दिली आणि मूळच्यापेक्षा बरी दिली. नाशिकच्या लग्नात डिकीत दाबल्यामुळे कवचाला खोल पोचा पडला होता, तो उन्हात ठेवून आतून अंगठ्याने दाबल्यावर बाहेर आला. पॉलिकार्बोनेटचा हा गुण मानायला हवा, स्वस्तातलं कवच तडकलं असतं. झिप अजून मऊ चालते. दांडा हनोईपासून करकरतो तो करकरतोच.

पाचपैकी तीन. विमानतळ ते गाडी, गाडी ते लिफ्ट असा ज्यांचा प्रवास आहे त्यांनी खुशाल घ्यावी. जिना, गल्ली, लोकल, पाखाडी यांतलं काही वाटेत असेल तर एक २४ इंची आणि एक २० इंची घ्या, आणि जी मोठी घ्याल ती मोठ्या चाकांची. दोघांच्या हातात एकेक बॅग असली की भांडणही वाटून होतं.

सध्या ती माळ्यावर आहे, आत पाहुण्यांच्या गोधड्या. नंबर अजून ५९२. ह्यांनी दोनदा तो बदलायचा प्रयत्न केला, मी पेन काढून घेतलं.