स्विफ्ट, मुरमाचे रस्ते आणि बदललेलं सस्पेन्शन: नऊ महिन्यांचा अनुभव

गाडी २००८ ची स्विफ्ट व्हीएक्सआय, १.३ पेट्रोल, एमएच-११. नोकरी साताऱ्याच्या एमआयडीसीत, आणि सुट्टी मिळाली की हौशी रॅली. गेल्या ऑक्टोबरात सस्पेन्शनचं काम केलं, तेव्हापासून ७,८०० किमी पळाली. त्यात दोन टीएसडी रॅली (टाइम-स्पीड-डिस्टन्स, म्हणजे ठरलेल्या सरासरी वेगाने धावायच्या), एक ऑटोक्रॉस (आखलेल्या वळणदार मार्गावरची घड्याळाशी शर्यत), माण-खटावातला सराव आणि उरलेलं सगळं रोजचं जाणं-येणं.

आधीची चूक अगोदर सांगतो, कारण बरेच जण तिथूनच सुरुवात करतात. तीन वर्षांपूर्वी एका गॅरेजात पुढच्या स्प्रिंगांचा एकेक वेढा कापून घेतला होता. वेढे कमी झाले की स्प्रिंग कडक होते आणि गाडीही खाली बसते. यवतेश्वरच्या घाटात वळणावर झुकणं कमी झालं, मी खूश. मग एकदा दहिवडीच्या पुढे डांबर सोडून मुरमावर घातली. एका उंचवट्यावरून पुढची चाकं हवेत लटकली, आखूड झालेली स्प्रिंग आपल्या वाटीतून सुटली आणि चाक खाली टेकताना तिरपी बसली. टण्ण असा आवाज अजून कानात आहे. पुढच्याच खड्ड्यात चेंबर, म्हणजे इंजिनाखालची ऑइलची टाकी, लागला. ऑइल गळायला लागलं, आणि गाडी टेम्पोवर घालून परत आणावी लागली.

ज्यांच्याकडे गाडी टाकली त्या मेस्त्रींना आम्ही सगळे चाचा म्हणतो. त्यांनी स्प्रिंग हातात घेऊन पाहिली आणि म्हणाले, "कडक केलीस रं, पण हिला आवरणार कोण?" सगळं काम या एका प्रश्नावर उभं राहिलं. स्प्रिंग दबताना जी ताकद साठवते ती सुटताना परत देते. ती सुटण्याचा वेग शॉकअप ठरवतो. स्प्रिंग कडक आणि शॉकअप जुनाच असेल, तर प्रत्येक गचक्यानंतर गाडी उसळते, चाक जमिनीवर टिकत नाही. आणि चाक जमिनीवर नसेल तर ब्रेकही नाही, स्टिअरिंगही नाही.

म्हणून या वेळी पैसा आधी शॉकअपवर घातला. स्विफ्टला पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअप एकाच खांबात), मागे टॉर्शन बीम (दोन्ही चाकं जोडणारा, पीळ खाणारा आडवा दांडा). मागची स्प्रिंग आणि शॉकअप वेगवेगळे बसतात, त्यामुळे मागचं काम सोपं. पुढचं किचकट. गाडी २५ मिमी उचलायची होती. नुसती लांब स्प्रिंग घालून शॉकअप तोच ठेवला, तर चाकाला खाली लटकायची जागा तेवढ्याच २५ मिमीने कमी होते; उंचवट्यावरून उतरताना शॉकअपचा रॉड पूर्ण बाहेर येऊन आतच आपटतो. वेढ्यांमध्ये रबरी बफर अडकवणाऱ्यांचंही हेच होतं, शिवाय बफरपाशी वेढे मोकळे हलत नाहीत आणि स्प्रिंगवर एकाच जागी ताण येतो. म्हणून लांब रॉडचे, नायट्रोजन भरलेले शॉकअप कोइमतूरकडच्या एका कारागिराकडून बनवून घेतले. स्प्रिंगची तार ११ ऐवजी १२ मिमी घेतली. एक मिलिमीटर किरकोळ वाटेल, पण कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो, म्हणजे वेढे आणि व्यास तेच ठेवले तर सुमारे ४० टक्के. ते जास्त झालं असतं. पाच चालू (म्हणजे प्रत्यक्ष दबणाऱ्या) वेढ्यांऐवजी साडेपाच ठेवून वाढ तीस टक्क्यांच्या आत आणली. २५ मिमीच्या वर मुद्दाम गेलो नाही. त्यापुढे ड्राइव्ह शाफ्टचा (इंजिनाची ताकद चाकाला देणाऱ्या दांड्याचा) कोन वाढतो, आणि चाक वळवणारा टाय रॉड व चाकाला खालून धरणारा लोअर आर्म यांचं गणित बिघडून खड्ड्यात स्टिअरिंग आपोआप ओढतं.

पहिला महिना वाईट गेला. कोरेगाव, वर्धनगडचा घाट, पुसेगाव करत दहिवडीकडे गेलं की आतल्या बाजूला पन्हळी पत्र्यासारखे रस्ते लागतात, छोट्या छोट्या उंचवट्यांची एकसारखी रांग. तिथे पाच-सहा मिनिटांत गाडी खाली बसल्यासारखी वाटायची आणि बम्प स्टॉपवर (सस्पेन्शन पूर्ण दबल्यावर टेकतं त्या रबरावर) ठकठक सुरू व्हायची. उसळी आवरायची म्हणून रिबाउंड, म्हणजे दबलेला शॉकअप परत लांब होताना होणारा विरोध, फार घट्ट ठेवलं गेलं होतं. एका उंचवट्यानंतर चाक पूर्ण खाली यायच्या आत दुसरा यायचा, चाक वरच अडकून राहायचं आणि गाडी हळूहळू खाली सरकायची. शॉकअप काढून परत पाठवले, वाल्व्हिंग (तेलाची वाट अडवणाऱ्या आतल्या झडपा) सैल करून घेतलं, बारा दिवस गाडी उभी होती. हे कळायला मला एक महिना लागला. तुम्हाला असं जाणवलं तर स्प्रिंगवर शंका घेऊ नका, आधी रिबाउंड बघा.

त्यानंतरची गाडी वेगळीच आहे. डिसेंबरात त्याच रस्त्यावर चौदा किमी न थांबता काढले, उतरलो आणि उलटा हात स्ट्रटला लावला. चटका बसला, पण धरता येत होता. जुन्या शॉकअपवर इतक्या अंतरात आतलं तेल फेसाळून शॉकअप मऊ पडायचा. आता शेवटच्या किलोमीटरला गाडी पहिल्यासारखीच वागते. वळणात झुकते थोडी, झुकू दे. मुरमावर चाकाला वर-खाली व्हायला जागा मिळणं जास्त महत्त्वाचं आहे, हे मी आता कुणालाही छातीठोक सांगेन.

टीएसडीला हा फरक वेगात दिसत नाही. तिथे ठरलेली सरासरी पाळायची असते. लवकर पोचलं तरी दंड, उशिरा पोचलं तरी दंड. फरक दिसतो तो नॅव्हिगेटरला. माझा मावसभाऊ शेजारी बसून रोडबुक (वळणं आणि अंतरं लिहिलेली वही) वाचतो, पूर्वी त्याचं पेनच कागदावर टिकायचं नाही. आणि एक गोष्ट, टायरचं माप बदलाल तर ओडोमीटर तपासा. मी १६५/८० आर १४ वरून १८५/७० आर १४ वर आलो. चाक जेमतेम ५ मिमीने लहान झालं, पण १०० किमीला मीटर सुमारे ८०० मीटर जास्त दाखवतो. ताशी ३६ च्या सरासरीला ते ८० सेकंद होतात.

आता कुरबुरी. पाचव्या महिन्यात डाव्या पुढच्या रिमच्या आतल्या अंगाला काळ्या ग्रीसचं कडं दिसलं: ड्राइव्ह शाफ्टचा रबरी बूट फाटला होता. वेळीच दिसला म्हणून त्याच्या आतला सीव्ही जॉइंट (शाफ्टचा वळणारा सांधा) वाचला. आता प्रत्येक कच्च्या रस्त्यानंतर खाली वाकून बॅटरी मारून बघतो. उजवा टॉप माउंट (स्ट्रट वर जिथे बॉडीला बसतो ती रबरी बैठक) थंडीत सकाळी कुरकुरतो. मागच्या स्प्रिंगा सहा महिन्यांत ४ मिमी बसल्या. चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत टेपने मोजायची सवय ठेवली म्हणून कळलं. गाडी उचलल्यावर कॅम्बर (समोरून पाहता चाकाचा उभा कल) आणि टो (वरून पाहता चाकं आत-बाहेर वळलेली असणं) दोन्ही हलतात. मूळ बोल्टवर कॅम्बर मिळत नव्हता, तो कल जुळवता येणारे कॅम्बर बोल्ट टाकावे लागले. ते टाकायच्या आधी पुढचा एक टायर बाहेरच्या कडेने दोन महिन्यांत खाल्ला गेला.

खर्च: चार शॉकअप वाल्व्हिंगसह ३८,०००, स्प्रिंगा ११,०००, बुश (सांध्यांतली रबरं)-टॉप माउंट-बम्प स्टॉप ७,५००, चेंबर गार्ड ५,५००, मजुरी आणि अलाइनमेंट ६,०००. एकूण ६८,०००. एवढे जमत नसतील तर चेंबर गार्ड, नवीन बुश आणि चांगल्या स्थितीतले मूळ मापाचे शॉकअप एवढंच करा. पहिल्या टीएसडीला ते पुरतं.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ नोंदणीतल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करू देत नाही, तेव्हा काम काढायच्या आधी आरटीओ आणि विमा कंपनी दोघांना विचारून घ्या. जुना संच मी जपून ठेवलाय. आणि सराव करायचा तर आधीच असलेल्या गाडीवाटेवर करा. कासचं पठार २०१२ पासून जागतिक वारसा आहे. तिथल्या सड्यावर (सपाट खडकाळ माथ्यावर) मातीचा थर बोटभर असतो आणि त्यातच ती फुलं येतात. चाकाची एक रेघ तिथे वर्षानुवर्षं राहते. साताऱ्याचा कुणी तिथे गाडी घालताना दिसला तर मी थांबून बोलतो, तुम्हीही बोला.

घरच्यांना चालेल का, असं बरेच जण विचारतात. आईला फेब्रुवारीत गोंदवल्याला नेलं. पूर्वी दहिवडीपर्यंतच तिची कंबर धरायची. या वेळी दर्शन घेऊन परत निघालो, तर पुसेगावला चहाला थांबेपर्यंत ती मागच्या सीटवर गाढ झोपली होती.