आमच्या तालुक्याची लॅब आणि आईचा थायरॉइड

आईला लिहिता-वाचता येत नाही, पण वेचणीच्या दिवसांत बारा बायांनी किती किलो कापूस वेचला ते ती तोंडपाठ ठेवायची. गेल्या वर्षी दिवाळीनंतर तिनं एकाच बाईला तीनदा विचारलं, "तुहा कापूस किती झाला वं?" संक्रांतीपर्यंत ती चुलीवर वरण ठेवून अंगणात जाऊन बसू लागली. आवाज घोगरा झाला, चेहरा सुजला. ज्या दवाखान्यात नेलं तिथं म्हणाले, वय ६८ आहे, विसरणारच. चार महिने त्यातच गेले. त्याचा राग मला अजून आहे.

मे महिन्यात फक्त साखर तपासायला तिला या लॅबमध्ये नेलं. यवतमाळ जिल्ह्यातला उन्हाळा, बाहेर ४५ अंश. कूलरसमोर बसूनही माणसं घामानं निथळत होती आणि आई शाल पांघरून बसलेली. रक्त घेणाऱ्या पोरानं सुई बाजूला ठेवली. "आजी, एवढ्या उन्हायात शाल काऊन घेतली?" "मले हिव वाजते बाप्पा." त्यानं लगेच मॅडमना फोन लावला आणि मला म्हणाला, "सर, टीएसएच पण करून घ्या." ४०० रुपये लागले. टीएसएच म्हणजे गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीला कामाला लावणारा हार्मोन; ग्रंथी मंदावली की तो वाढतो. जो आकडा साधारण ४ च्या आत पाहिजे, तो ५८ आला.

लॅबच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडम मंगळवारी येतात. रिपोर्ट हातात देऊन मोकळ्या झाल्या नाहीत, समोर बसवून समजावलं. थायरॉइड ग्रंथीतून मुख्यतः टी-४ हा हार्मोन निघतो, तो म्हणजे सरकीसकट कापूस. मेंदूतल्या तारकापेशी, म्हणजे चेतापेशींना सांभाळणाऱ्या पेशी, त्याचं जिनिंग करून टी-३ हा कामाचा हार्मोन बनवतात, आणि ती रुई चेतापेशीच्या केंद्रकातल्या रिसेप्टरला, म्हणजे हार्मोन पकडणाऱ्या प्रथिनाला, जाऊन लागते. मला वाटलं होतं, हार्मोन नसला तर रिसेप्टर नुसता रिकामा राहत असेल. तसं नाही. रिकामा रिसेप्टर जनुकांचं काम अडवून धरतो. आठवणी जिथं घडतात त्या मेंदूच्या भागाला, हिप्पोकॅम्पसला, याचा फटका बसतो. वयात आलेल्या उंदरांवरच्या प्रयोगांत थायरॉइडचा हार्मोन कमी केल्यावर तिथल्या नव्या चेतापेशी कमी टिकल्या. हे ऐकताना मी आईच्या हाताकडं पाहत होतो. कातडी कोरडी पडून पांढरी झाली होती. आई आळशी झाली असं आम्ही घरात म्हणत होतो, त्याची मला लाज वाटली.

थायरॉइडच्या हार्मोनची गोळी डॉक्टरांनी २५ मायक्रोग्रॅमपासून सुरू केली, कारण म्हाताऱ्या माणसाच्या हृदयावर एकदम भार नको. ती कशी घ्यायची ते मात्र लॅबमधल्या पोरानंच नीट सांगितलं: पहाटे उपाशीपोटी साध्या पाण्यासोबत, चहा निदान अर्ध्या तासानं, लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी चार तासांनी. सोयाबीनच्या वड्याही त्या वेळी नको. आमच्याकडं चहा आधी आणि तोंड धुणं नंतर, म्हणून हे महत्त्वाचं. डोस बदलला की सहा ते आठ आठवड्यांनी परत तपासणी, त्याची आठवण ते फोन करून देतात.

उणिवा आहेत. नमुना नागपूरला जातो, त्यामुळं थायरॉइडचा रिपोर्ट दोन दिवसांनी मिळतो. छपाई इतकी बारीक की चष्मा लावूनही वाचवत नाही. प्यायचं पाणी ठेवत नाहीत, आणि उपाशी आलेल्या म्हाताऱ्यांसाठी हे बरं नाही.

आता टीएसएच ५.१ वर आलाय, डोस तीनदा वाढवून. विसरणं सगळंच गेलं नाही. पण परवा वेचणी सुरू झाली तेव्हा आई काट्याजवळ उभी होती, शाल न घेता, आणि संध्याकाळी तिनं नऊ बायांचे आकडे मला सांगितले. एक चुकला, तो तिनंच रात्री जेवताना दुरुस्त केला.

पुढची तपासणी जानेवारीत, याच लॅबमध्ये. तुम्ही गेलात तर सकाळी सातला जा. अकरानंतर एसटीची गर्दी उतरते आणि खुर्च्या दोनच आहेत.