मुरवायची शेनिन: वूव्रेची की साव्हनिएरची?

पैसे एकाच पेटीचे आहेत, वाइन पांढरी हवी आहे, ती दहा-पंधरा वर्षं मुरवायची आहे आणि बायोडायनॅमिक बागेतलीच असावी असं मनात आहे. अशा वेळी फ्रान्समधल्या ल्वार नदीकाठची दोन नावं समोर येतात: वूव्रे गावचं दोमेन ऊए हे वाइनचं घराणं आणि साव्हनिएरची कुले द सेरां ही बाग. द्राक्ष दोन्हीकडे एकच, शेनिन ब्लां. नाशिकमुळे ते आपल्या ओळखीचं आहे, पण नाशिकची शेनिन ताजी असतानाच संपवायची असते. ल्वारची चांगली शेनिन लोणच्यासारखी मुरते.

आधी बायोडायनॅमिकबद्दल, कारण पुष्कळ जण त्या एका शब्दावर पैसे मोजतात. रुडॉल्फ श्टायनरनी १९२४ मध्ये दिलेल्या व्याख्यानांतून ही शेती आली. गाईच्या शिंगात शेण भरून ते हिवाळाभर पुरून ठेवायचं, मग उकरून तासभर पाण्यात घुसळायचं आणि अगदी थोड्या मात्रेत जमिनीवर फवारायचं. छाटणी-तोडणीच्या वेळा चंद्र बघून ठरवायच्या. जीवामृत केलेल्या, पंचांग उघडणाऱ्या आपल्याकडच्या शेतकऱ्याला यातलं बरंच जवळचं वाटेल. मला या पद्धतीबद्दल आदर आहे, तो मुख्यतः त्यामागच्या कष्टांसाठी. तणनाशक न मारता वेलीवेलीकडे लक्ष देणारा माणूस द्राक्षही निरोगी आणतो. पण बाटली वीस वर्षं टिकते ती आम्लता, साखर, वाइन टिकावी म्हणून घातलेल्या गंधकाचं प्रमाण आणि बूच यांच्या जोरावर. फ्रान्सच्याच बरगंडी या वाइनच्या प्रांतात हे फार महागात पडून कळलं. १९९०च्या दशकाच्या मध्यापासून तिथल्या कितीतरी उंची पांढऱ्या वाइन अकाली तपकिरी पडू लागल्या. लफ्लेव्हसारख्या नामांकित बायोडायनॅमिक घराण्यानेही २०१४च्या हंगामापासून नेहमीचं बूच सोडून दियामचं, म्हणजे बुचाचा शुद्ध केलेला चुरा दाबून बनवलेलं बूच घेतलं. म्हणून बरगंडी मी या यादीत धरलेलीच नाही.

कुले द सेरां ही जेमतेम सात हेक्टरांची, शिस्ट या पापुद्र्यांच्या खडकावरची उतरती बाग. बाराव्या शतकात सिस्टर्शियन साधूंनी तिथे पहिल्या वेली लावल्या. बँकेतली नोकरी सोडून परतलेल्या निकोला जोलींनी १९८०च्या दशकात ती पूर्ण बायोडायनॅमिक केली आणि पुढे ते या चळवळीचा चेहरा झाले. इथली द्राक्षं खूप पिकू देतात, त्यामुळे मद्यार्क चढा असतो आणि गंधक कमी. चांगली बाटली निघाली तर मध, सुकं सफरचंद, मेण असा सुवास दिवसभर बदलत राहतो. जोली स्वतः ती आदल्या दिवशी उघडायला सांगतात. अडचण एवढीच की एकाच वर्षाच्या दोन बाटल्या सारख्या निघतील याची खात्री नाही, आणि किंमत ऊएच्या दुपटीच्या घरात जाते.

ऊएची घडण वेगळी. घराणं १९२८चं. गास्तों ऊएंनी ते नावारूपाला आणलं आणि त्यांचे जावई नोएल पँगे यांनी ते बायोडायनॅमिककडे वळवलं. ल ओ-लिय, ल माँ आणि क्लो द्यू बूर अशा तीन बागा आहेत. वर्ष कसं गेलं ते पाहून प्रत्येकीतून कोरडी ‘सेक’, अर्धगोड ‘देमी-सेक’ आणि गोड ‘म्वालू’ वाइन करतात. इथे आम्लता मऊ होऊ देत नाहीत, साखर तिला तोलून धरते, म्हणून त्यांची १९४७ची वाइन अजूनही जाणकारांच्या बोलण्यात असते.

पहिलीच पेटी असेल तर मी निःशंकपणे ऊएची, ल माँची देमी-सेक घ्यायला सांगेन. सेक सुंदर असते, पण मधली काही वर्षं ती तोंड मिटून बसते आणि नवख्याला वाटतं, वाइन बिघडली. कुले द सेरांची एखादी बाटली जरूर घ्या, पण ती लवकर प्या. पंधरा वर्षांचा भरवसा तिच्यावर टाकू नका.

यापेक्षाही आधीचा प्रश्न जागेचा आहे. पुण्या-मुंबईत कपाटात ठेवलेली कुठलीही वाइन दोन उन्हाळ्यांत शिजते, आणि घरचा फ्रीज फार थंड, फार कोरडा. बारा-तेरा अंशांवर स्थिर राहणारं वाइनचं कपाट घेणं शक्य नसेल, तर पेटीचा बेत सध्या बाजूला ठेवा. शक्य असेल तर सहा बाटल्या आडव्या ठेवा. पहिली पाचव्या वर्षी, दुसरी आठव्या वर्षी उघडा आणि उरलेल्या चारांना दहाव्या वर्षापर्यंत हात लावू नका.