पोस्ट-बॅकच्या नावाखाली घेतलेला ‘ॲडव्हान्स’

बी.एस्सी., बी.फार्म. किंवा बीडीएस झालेल्या मुलाला अमेरिकेत एमडी (तिथली डॉक्टरकीची पहिली पदवी) करायचं असतं. कन्सल्टंट म्हणतो, “एक वर्षाचं पोस्ट-बॅक (पदवीनंतर मेडिकल प्रवेशाच्या तयारीचा कोर्स) करा, लिंकेज आहे, पुढची सीट पक्की.” आणि ‘सीट ब्लॉकिंग’चे पैसे मागतो. मॅनेजमेंट कोट्यामुळे हा शब्द पालकांच्या कानावरून गेलेला असतो, म्हणून कुणी हटकत नाही. पावतीवर मात्र ‘प्रोसेसिंग चार्जेस’ लिहिलेलं असतं. ‘सीट’ हा शब्द शोधून सापडत नाही.

लिंकेज खरंच असतं. काही पोस्ट-बॅक कोर्सचे ठरावीक मेडिकल कॉलेजांशी करार असतात. ठरलेला जीपीए (ग्रेडची सरासरी) आणि बऱ्याच ठिकाणी एमकॅट या मेडिकल प्रवेश परीक्षेचा स्कोअर असेल, तर अर्ज लवकर बघतात आणि मधलं रिकामं वर्ष वाचतं. मुलाखत चुकत नाही, नकारही येऊ शकतो. शिवाय ब्रिन मॉर, गाऊचर, जॉन्स हॉपकिन्स इथले नावाजलेले कोर्स ‘करिअर चेंजर’साठी आहेत, म्हणजे ज्यांनी कॉलेजात सायन्सचे हे विषय केलेलेच नाहीत त्यांच्यासाठी. बी.एस्सी. झालेल्याला तिथे हमखास प्रवेश सांगणाऱ्याने कोर्सच्या अटी वाचलेल्या नसतात, किंवा वाचून गिळलेल्या असतात.

दुसरी थाप जास्त महागात पडते: “तुमचे कमी मार्क सुधारून देतो.” एमडीचे बहुतेक अर्ज एएमकॅस या सामाईक अर्ज-व्यवस्थेतून जातात आणि तिथल्या जीपीएत भारतातले मार्क धरतच नाहीत. मग सुधारणार काय? लागतात ते अमेरिकेतले किंवा कॅनडातले क्रेडिट. स्पेशल मास्टर्सचे (मेडिकलला जायची तयारी म्हणून केलेल्या मास्टर्सचे) ग्रेड वेगळ्या, ग्रॅज्युएट म्हणजे पदव्युत्तर रकान्यात जातात. पदवीचा रकाना त्यांनी भरत नाही. मेडिकलला साधारण लागणारे विषय बघा: बायोलॉजी, जनरल केमिस्ट्री, ऑरगॅनिक आणि फिजिक्स, प्रत्येकी लॅबसह साधारण ८ क्रेडिट, म्हणजे ३२ झाले. ऑरगॅनिक जनरल केमिस्ट्रीनंतरच घेता येतं, त्यामुळे शून्यापासून सुरुवात असेल तर उन्हाळी सत्र धरल्याशिवाय हे एका वर्षात बसत नाही.

व्हिसाचं तर कुणी बोलतच नाही. कित्येक पोस्ट-बॅक कोर्स संध्याकाळचे, अर्धवेळ किंवा ऑनलाइन असतात. एफ-१ या विद्यार्थी व्हिसाला पूर्णवेळ शिक्षण लागतं, आणि त्यात एका सत्रात ऑनलाइनचा एकच विषय मोजतात. आय-२०, म्हणजे व्हिसासाठी लागणारा प्रवेशाचा फॉर्म, कॉलेजच देतं. सेव्हिसची (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीची) फी विद्यार्थ्याला स्वतः अमेरिकी सरकारच्या साइटवर भरता येते. ती एजंटच्या खात्यात टाकायचं कारण नाही.

कोर्स शोधायला एएएमसीची (अमेरिकी मेडिकल कॉलेजांच्या संघटनेची) पोस्ट-बॅक यादी फुकट आहे. त्यातून निवडलेल्या कोर्सला मुलाने स्वतःच्या ईमेलवरून विचारावं: एफ-१साठी आय-२० देता का? क्रेडिट अंडरग्रॅज्युएट की ग्रॅज्युएट? लिंकेज कुठल्या कॉलेजांशी, आणि ते परदेशी नागरिकाला लागू आहे का? या शेवटच्या प्रश्नावर बरेच बेत कोसळतात, कारण अनेक मेडिकल कॉलेजं परदेशी विद्यार्थ्यांचा अर्जच घेत नाहीत. जी घेतात त्यांतली काही एक ते चार वर्षांची फी आधी एस्क्रोत (त्रयस्थाकडच्या राखीव खात्यात) ठेवायला सांगतात, आणि सरकारी कर्ज एफ-१वाल्याला मिळत नाही.

पैसे गेलेच असतील तर “अमेरिकेचं जमलं नाही, त्याच पैशात कॅरिबियन प्री-मेड घ्या” याला हो म्हणू नका. तो वेगळा कोर्स आहे, आणि ‘हो’ म्हटल्यावर परताव्याचा दावा कमकुवत होतो. पावत्या, व्हॉट्सॲप चॅट, बँकेचं स्टेटमेंट काढून ठेवा. पैसे ऑनलाइन नुकतेच गेले असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. ग्राहक आयोगात तक्रारीची मुदत २ वर्षं असते.