गाजलेला पॉडकास्ट की धंद्यापुरता? पाहुणा म्हणून आधी कुठे बसावं

नाशिकला माझं काम निर्यात सल्ल्याचं. मुख्यतः द्राक्ष, थोडं डाळिंब. दोन्ही प्रकारच्या पॉडकास्टवर पाहुणा म्हणून बसून झालंय, त्यामुळे ओळखीतले आहारतज्ज्ञ, इंटिरियरवाले, इतर सल्लागार फोन करून विचारतात, "बोलावणं आलंय, जाऊ का?" जाच. पण दोन बोलावणी असतील तर आधी कुठलं घ्यायचं, आणि तिथून क्लायंट कसा आणायचा, याला थोडा विचार लागतो.

मराठीत आता निवडीला वाव आहे. एकीकडे अमुक तमुक, थिंक बँक, मित्रम्हणे, व्हायफळ असे सगळ्या थरांतले लोक बघतात ते कार्यक्रम. दुसरीकडे एकाच धंद्यातली माणसं ऐकतात असे छोटे कार्यक्रम: कुणी बागायतदारांसाठी चालवतं, कुणी वर्कशॉपवाल्यांसाठी. व्ह्यूजचा आकडा बघून हुरळायच्या आधी दुसराच एक आकडा कागदावर लिहा. महिन्याला नवे किती क्लायंट तुम्हाला झेपतात? माझं उत्तर तीन. पाचशे रुपयांचा ऑनलाइन कोर्स विकणाऱ्याचं उत्तर तीन हजारही असेल. अर्धा निर्णय इथेच होतो.

माझी मोठ्या कार्यक्रमातली मुलाखत शनिवारी संध्याकाळी आली आणि सोमवारपर्यंत व्हॉट्सॲप तुंबलं. "सर, एक्स्पोर्ट करायचंय, कुठून सुरुवात करू?" विद्यार्थी, नोकरीला कंटाळलेले, निवृत्तीनंतर काहीतरी करू म्हणणारे. त्यांना मी खरं तेच सांगितलं: आयईसी नंबर, म्हणजे आयात-निर्यातीसाठी लागणारा सरकारी कोड काढा, सरकारी फी पाचशे रुपये, डीजीएफटीच्या (केंद्राच्या विदेश व्यापार खात्याच्या) साइटवर तुमचं तुम्हाला जमतं. एवढ्यासाठी मला कुणी पैसे देऊ नयेत, आणि कुणी दिलेही नाहीत. दोन आठवडे उत्तरं देण्यात गेले, चालू क्लायंटची कामं मागे पडली आणि घरच्यांची बोलणी खाल्ली ती वेगळीच.

मग ती मुलाखत वाया गेली का? तसं नाही. काही महिन्यांनी एका पॅकहाउसवाल्यांना कोटेशन पाठवलं, तर ते म्हणाले, "तुम्हाला बघितलंय आम्ही." फीवर घासाघीस जवळजवळ झालीच नाही. तेव्हापासून कोटेशनसोबत त्या मुलाखतीतल्या नेमक्या मिनिटाची लिंक जाते, अख्ख्या दीड तासाची नाही. मोठ्या कार्यक्रमाचा माझा अनुभव हा असा: त्याने नवा माणूस दारापर्यंत आणला नाही, पण दारात आलेल्याचा भरवसा वाढवला. दारात कुणी येतच नसेल, तर त्या भरवशाचं लोणचं घालायचं का?

छोट्या कार्यक्रमाला ऐकणारे काही शेकडा असतील. नंतर फोन आले मोजून नऊ. त्यातला एक असा: "बागेचं ग्रेपनेटला (निर्यातीच्या द्राक्षांची सरकारी ऑनलाइन नोंद) रजिस्ट्रेशन आहे. पण लॅबच्या रिपोर्टात एका औषधाचा अंश अगदी मर्यादेला टेकलाय. माल युरोपला घालू की दुबईला?" या माणसाचा कंटेनर अडकायची वेळ आलीय, त्याला आज उत्तर हवंय आणि चुकीच्या उत्तराची किंमत त्याला ठाऊक आहे. नवांपैकी दोघं क्लायंट झाले. तीनच झेपणाऱ्याला दोन म्हणजे महिना भरल्यातच जमा.

फरक फक्त ऐकणाऱ्यांमुळे पडला असंही नाही. मी बोललोच वेगळं. मोठ्या ठिकाणी माझा प्रवास सांगितला, वडिलांची बाग, पहिला कंटेनर वगैरे. छोट्या ठिकाणी २०१० सांगितलं. त्या हंगामात युरोपने क्लोरमेक्वॅट क्लोराइडच्या अंशावरून आपली द्राक्षं अडवली होती. ज्याला बागायतदार सीसीसी म्हणतात तेच ते, वेलीची वाढ आवरणारं. आपल्याकडच्या तपासणीच्या यादीत तोवर ते नव्हतंच, म्हणजे इथले रिपोर्ट स्वच्छ आणि तिथे माल नापास. ज्यांनी तो हंगाम सोसला त्यांना पुढचं सांगावं लागत नाही. प्रवास ऐकून लोक कौतुक करतात. आपल्यालाही झालेलं नुकसान दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं की फोन करतात.

वेळेचंही तसंच. छोट्या कार्यक्रमातली ती मुलाखत सप्टेंबरअखेरीस आली, ऑक्टोबर छाटणीच्या तोंडावर. निर्यातीचा जोर साधारण जानेवारी ते एप्रिल, त्यामुळे फवारणीचं वेळापत्रक ठरवायला हाताशी वेळ होता. हेच बोलणं मार्चमध्ये आलं असतं तर वरातीमागून घोडं. छोट्या कार्यक्रमात तारीख मागून मिळते. मोठ्यांकडे रेकॉर्डिंग आज आणि एपिसोड कधी, हे त्यांची टीम ठरवते.

लिंकबाबतही तोच अनुभव. छोटा सूत्रधार तुमची ओळ डिस्क्रिप्शनमध्ये अगदी वर टाकतो, मोठ्यांकडे ती खाली गाडली जाते किंवा राहूनच जाते. रेकॉर्डिंगच्या आधी विचारा, आणि क्लिप वापरायची परवानगीही तेव्हाच मेसेजवर घेऊन ठेवा. शॉर्ट्सच्या भरवशावर राहू नका. ३१ ऑगस्ट २०२३ पासून यूट्यूबने शॉर्ट्सच्या डिस्क्रिप्शन आणि कमेंटमधल्या लिंक क्लिक होण्याच्या बंद केल्या आहेत. शॉर्टला मूळ एपिसोड 'रिलेटेड व्हिडिओ' म्हणून जोडायला सांगा आणि तुमची लिंक मूळ एपिसोडखाली ठेवा.

ती लिंक व्हॉट्सॲपची, आधीच मजकूर भरलेली असावी. प्रत्येक कार्यक्रमाला वेगळा मजकूर: एकीकडे "द्राक्ष रिपोर्ट", दुसरीकडे "निर्यात सुरुवात". मेसेज आला की माणूस कुठून आला ते न विचारता कळतं, आणि सहा महिन्यांनी कुठल्या खुर्चीने काय दिलं याचा हिशोब लागतो. बदल्यात काहीतरी ठोस द्या. "संपर्क करा" म्हटल्यावर कुणी करत नाही. मी लॅब रिपोर्ट कसा वाचायचा याचं एक पान देतो. ज्याच्या हातात रिपोर्ट आहे तोच ते मागतो, त्यामुळे चाळणी आपोआप लागते. काही जण गाडी चालवताना नुसतं ऐकतात, त्यांच्यासाठी "द्राक्ष रिपोर्ट" असा जो मजकूर पाठवायचा, तो तोंडाने दोनदा उच्चारा.

पैसे घेऊन "मुलाखत" करू म्हणणारेही फोन करतात. पैसे मोजले की ती जाहिरात, आणि एएससीआय या जाहिरात क्षेत्राच्या स्वनियमन संस्थेच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे तसं स्पष्ट दाखवायला हवं. दाखवलं नाही तरी बघणाऱ्याला वास येतोच. तेवढ्या पैशांत मी पुण्याजवळच्या मोशीच्या किसान या शेती प्रदर्शनात कुणाच्या तरी अर्ध्या स्टॉलचा भागीदार होईन. स्वतःचा पॉडकास्ट काढायचा मोह झाला तर इतकंच बघा, की ज्यांच्याकडून काम हवंय त्यांनाच पाहुणे म्हणून बोलावता येईल का. कोटेशन घेऊन गेल्यावर दहा मिनिटं न देणारा माणूस माइकसमोर तासभर बसतो. ते जमणार नसेल तर दर आठवड्याचं एडिटिंग गळ्यात कशाला?

मोठ्या कार्यक्रमाला आधी कुणी जावं? ज्याचं दुखणं घरोघरी आहे आणि फी लहान आहे त्याने. ऑनलाइन बॅच घेणाऱ्या आहारतज्ज्ञ बाईंनी बिनधास्त जावं, फक्त बॅचची तारीख ठरवून. इंटिरियरवाल्याला मी आधी नाही म्हणालो होतो, कारण काम कोथरूडात आणि बघणारे लातूरपासून न्यू जर्सीपर्यंत. मग लक्षात आलं, न्यू जर्सीत बसून पुण्यात फ्लॅट घेतलेल्याला विश्वासाचा माणूस हवाच असतो. त्याने बोलायचं ते लांबून काम कसं करून घ्यावं यावर, रंगसंगतीवर नाही.

वकिलांनी मात्र जपून. बार कौन्सिलचा नियम ३६ जाहिरात करून काम मिळवायला मनाई करतो, त्यामुळे वर सांगितलेला लिंकचा खटाटोप त्यांच्यासाठी नाही. आणि सेबीची नोंदणी नसताना अमुक शेअर घ्या असं माइकवर सांगणाऱ्याला क्लायंटच्या आधी नोटीस यायची.

माझ्यापुरतं म्हणाल तर या वेळीही दोन बोलावणी आहेत. छोट्यांना सप्टेंबर दिलाय. मोठ्यांना दिवाळीनंतरची तारीख मागितलीय, कारण तोवर आयईसीच्या प्रश्नांची तयार उत्तरं व्हॉट्सॲपवर भरून ठेवायची आहेत.