कृत्रिम त्वचा हलवायची कशाने: निटिनॉलची तार की हवा?

ऊब लागली की रंग बदलणारी सिलिकॉनची त्वचा प्रोजेक्टसाठी करायला घेतली, की घोडं बहुधा एकाच ठिकाणी अडतं: ती हलवायची कशाने? रंगाचं काम त्यामानाने सोपं. ३१ अंशांची थर्मोक्रोमिक पावडर (म्हणजे ३१ अंश सेल्सिअसच्या वर तापली की रंग सोडणारी) सिलिकॉनमध्ये घोटून थर ओतला, की बोट टेकवल्यावर पांढरट ठसा उमटतो. (विदर्भात मे महिन्यात ही पावडर दिवसभर पांढरीच राहील. तिथे वरच्या अंशांची घ्या आणि बोटाऐवजी गरम पाण्याची वाटी टेकवा.)

तारेचा आणि हवेचा, दोन्ही प्रकार मी करून पाहिलेत. निटिनॉल म्हणजे निकेल आणि टायटॅनियमचा, तापला की ठरलेल्या आकाराला परतणारा मिश्रधातू. त्याचं काम फार देखणं. बारीक तार, ना पंप, ना नळ्या. वीज सोडली की तापते, आखडते आणि त्वचेची कड आवाज न करता उचलली जाते. आखडते लांबीच्या ३ ते ५ टक्केच, पण पातळ थर वाकवायला तेवढं पुरतं. हवेचं काम ओबडधोबड. पोकळ्यांत हवा भरली की एक बाजू ताणते, दुसरी ताणत नाही, म्हणून पट्टी वळते. हार्वर्डमध्ये जॉर्ज व्हाइटसाइड्स यांच्या गटाने २०११ मध्ये याच तत्त्वावर चार पायांचा मऊ रोबो चालवून दाखवला. पंपाची घरघर आणि नळ्यांचं लटांबर मात्र सोबत येतंच.

तरी माझा कौल हवेकडे गेला, तो एका कटकटीमुळे. सहज मिळणारी निटिनॉल तार आखडायला ७० अंशांच्या आसपास तापावी लागते, आणि वरची पावडर ३१ लाच रंग सोडते. त्यामुळे तार हलली की तिच्या बरोबर वर त्वचेवर पांढरी रेघ उठते. मग त्वचेला बोटाची ऊब कळली की स्वतःच्याच स्नायूची, हे सांगता येत नाही. त्यात सिलिकॉन उष्णता लवकर सोडत नाही, आणि पावडरचा रंग गेला त्याहून काही अंश खाली उतरल्याशिवाय परत येत नाही. पंख्याखाली धरूनही रेघ रेंगाळायची. तार खोल घातली तर रेघ फिकी होते, पण थर जाड होतो आणि नीट वाकत नाही.

हवेच्या त्वचेत हा घोळ नाही, कारण आतली हवा खोलीच्याच तापमानाची असते. फुगलेल्या जागी रंग जरा विरळ दिसतो, पण ठसा उमटतो तो बोटाचाच.

रंग हुकमी बदलायचा असेल तर गोष्ट वेगळी. सोल नॅशनल युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी २०२१ मध्ये केलेल्या शॅमेलिऑन (रंग बदलणाऱ्या सरड्यासारख्या) रोबोत चांदीच्या नॅनोतारांचे, म्हणजे अतिसूक्ष्म तारांचे, हीटर उष्णतेने रंग बदलणारा द्रवस्फटिकांचा (लिक्विड क्रिस्टलचा) थर मुद्दाम तापवतात. तशा कामात तारेची उष्णता कदाचित उपयोगीही पडेल.

पण त्वचेला स्पर्शाची ऊब कळावी हा मुख्य हेतू असेल, तर मी हवाच सुचवेन. पंप फोम लावलेल्या डब्यात घालून टेबलाखाली ठेवा, घरघर बरीच दबते. आणि साच्यातले दोन भाग जोडताना कडेला सिलिकॉन सढळ हाताने लावा, गळती बहुधा तिथूनच सुरू होते.